प्रकल्प नोंदी: आउटलुकच्या दुरुस्त पीएसटी फाइलमधील विस्कटलेले फोल्डर मूळ जागी लावणे

१४ नोव्हेंबर २०२४

नाशिकमधील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयातील आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅमची मुख्य पीएसटी फाइल, म्हणजे सर्व मेल आणि फोल्डर साठवणारी फाइल, आज कामासाठी ताब्यात घेतली. फाइल सुमारे १७ जीबीची आहे. मुख्य संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये ती ठेवलेली होती आणि शेजारच्या संगणकावरून नेटवर्कमार्फत उघडली जात होती. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत कधीच अधिकृतपणे मान्य केलेली नाही, तरीही छोट्या कार्यालयांत ती सर्रास दिसते. परवा दुपारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच थकलेली असल्यामुळे मुख्य संगणक तत्काळ बंद पडला आणि त्यानंतर आउटलुक ती फाइल उघडेना. कार्यालयातील एका सहकाऱ्याने आउटलुकसोबत येणारे स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचे साधन चालवले, दुरुस्ती पूर्ण झाल्याचा संदेश आला आणि आउटलुक सुरूही झाले. मात्र इनबॉक्सखाली अशीलनिहाय आणि वर्षनिहाय लावलेल्या फोल्डरांपैकी निम्म्याहून अधिक जागेवर नाहीत. काही ‘लॉस्ट अँड फाउंड’ या नव्या फोल्डरात आहेत, काहींची नावे गेली आहेत, तर काही कोठे आहेत हे अजून सापडलेले नाही.

खाते पीओपी पद्धतीचे आहे, म्हणजे मेल उतरवून घेतल्यानंतर त्याची कायमची प्रत या फाइलीतच राहते. मेल सर्व्हरवरच ठेवणारे आयमॅप खाते असते तर सर्व्हरवरची मांडणी पुन्हा उतरवून घेऊन हे काम एका दुपारी आटोपले असते.

दुरुस्तीपूर्वी मूळ फाइलची प्रत ठेवण्याचा पर्याय स्कॅनपीएसटीमध्ये सुरुवातीपासून निवडलेला असतो आणि सहकाऱ्याने तो काढला नव्हता. त्यामुळे दुरुस्तीपूर्व बॅक फाइल, दुरुस्त पीएसटी आणि साधनाने लिहिलेली लॉग फाइल अशा तीनही गोष्टी हाती आहेत. तिन्हींच्या प्रती बाहेरील डिस्कवर घेऊन चेकसम, म्हणजे प्रत हुबेहूब असल्याची खात्री देणारे आकडे, जुळवले. यापुढचे सर्व काम या प्रतींच्याही प्रतींवर होईल आणि कार्यालयात कोणीही ती फाइल उघडणार नाही, असे ठरले.

१५ नोव्हेंबर

लेखापरीक्षण लागू असलेल्या करदात्यांच्या आयकर विवरणपत्रांची मुदत ३१ ऑक्टोबरवरून वाढवून मिळाली होती, ती आज संपते. फाइलच्या कामाला हात लावला नाही. सर्व्हरवर मेलची प्रत १४ दिवस ठेवण्याचे सेटिंग चालू असल्यामुळे अलीकडचा पत्रव्यवहार वेबमेलवर उपलब्ध आहे, त्यावर कार्यालयाचा दिवस निभावला.

१६ नोव्हेंबर

आज दुरुस्त फाइलची सविस्तर पाहणी केली. साधन ‘दुरुस्ती पूर्ण’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की फाइलमधील अंतर्गत तक्ते आता परस्परांशी सुसंगत आहेत. कोणता फोल्डर कोणाच्या पोटात होता याची हमी त्यात नसते आणि हा फरक कार्यालयातील मंडळींना समजावून सांगण्यात बराच वेळ गेला.

पीएसटीमधील प्रत्येक फोल्डर चार स्वतंत्र नोडांनी, म्हणजे क्रमांक दिलेल्या अंतर्गत नोंदींनी, बनतो. पहिल्यात फोल्डरचे नाव व इतर गुणधर्म असतात, दुसऱ्यात त्याच्या उपफोल्डरांची यादी, तिसऱ्यात मेलची यादी आणि चौथ्यात नियम व दृश्ये यांसारख्या लपलेल्या बाबींची यादी. यांपैकी पहिल्या नोडाचा डेटा नष्ट झाला तर आतील मेल शाबूत राहूनही फोल्डर निनावी होतो. वरच्या फोल्डराचा पत्ता लागेनासा झाला तर खालचा फोल्डर पोरका होतो आणि साधन त्याला लॉस्ट अँड फाउंडमध्ये आणून ठेवते. आमच्याकडे हे दोन्ही प्रकार घडले आहेत. दिलासा एवढाच, की पोरक्या फोल्डराच्या पोटातील उपफोल्डर बहुतेक ठिकाणी त्याच्यासोबतच आले आहेत, त्यामुळे एक फोल्डर ओळखला की त्याची संपूर्ण शाखा योग्य जागी जाते.

सापडलेले फोल्डर उचलून इनबॉक्सखाली टाकायला आजच सुरुवात करावी, असा कार्यालयाचा आग्रह होता. तो मी मान्य केला नाही. एकदा दुरुस्तीतून गेलेली फाइल रोजच्या वापरासाठी ठेवू नये, हे माझे ठाम मत आहे. त्यातील शाबूत सामग्री नव्या, कोऱ्या पीएसटीमध्ये न्यावी आणि दुरुस्त फाइल केवळ स्रोत म्हणून ठेवावी. शिवाय फोल्डर हलवायला लागलो की आता आहे तो पुरावाही पुसला जातो.

१७ नोव्हेंबर

रविवार असल्यामुळे कार्यालय बंद होते. जुनी मांडणी कशी होती हे ठरवण्यासाठी तुलनेचा आधार शोधला. कपाटातील एका डिस्कवर एप्रिल २०२३ मधील पीएसटीची प्रत सापडली. ती विंडोजमधून फाइल जशीच्या तशी कॉपी करून घेतलेली आहे, आउटलुकच्या एक्स्पोर्टमधून काढलेली नाही, आणि हा फरक या कामात निर्णायक ठरणार आहे. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये फोल्डरांना नवे अंतर्गत क्रमांक मिळतात, कॉपीमध्ये जुने क्रमांक तसेच राहतात.

जुन्या प्रतीतील आणि दुरुस्त फाइलमधील सर्व फोल्डरांचे पूर्ण मार्ग आणि प्रत्येकातील मेलची संख्या काढण्यासाठी छोटा मॅक्रो, म्हणजे आउटलुकच्या आतच चालणारी आज्ञावली, लिहिला. मॅक्रोने साध्या मजकूर फाइलमध्ये थेट लिहायला सांगितले, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, कारण व्हीबीए या मॅक्रोच्या भाषेतील ती जुनी आज्ञा युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची संकेतपद्धती, ओळखत नाही. म्हणून याद्या थेट एक्सेलच्या रकान्यांत उतरवल्या, तेथे नावे नीट येतात.

१८ नोव्हेंबर

आजचा दिवस क्रमांकांचा. नाव गमावलेले फोल्डर लॉस्ट अँड फाउंडमध्ये ‘रिकव्हर्ड फोल्डर’ या नावापुढे एक हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा आधाराच्या अंकपद्धतीतील, क्रमांक लावून ठेवलेले आहेत. हा क्रमांक म्हणजे त्या फोल्डराच्या नोडाचा क्रमांक होय. पडताळणीसाठी एमएफसीमॅपी या मोफत साधनाने ‘८६४२’ या फोल्डराची एंट्री आयडी, म्हणजे आउटलुक फोल्डर ज्याने ओळखते तो संकेत, उघडून पाहिली. ती २४ बाइटची असते: पहिले ४ बाइट शून्य, पुढचे १६ त्या पीएसटीची ओळख सांगणारे आणि शेवटचे ४ नोड क्रमांकाचे. त्या शेवटच्या चारांत ४२ ८६ ०० ०० असे, म्हणजे उलट्या क्रमाने, हेच अंक होते.

एप्रिल २०२३ च्या प्रतीत ८६४२ हा क्रमांक शोधला, तेव्हा तो एका जुन्या अशीलाच्या व्हॅटविषयक फोल्डराचा निघाला. आतील मेलही तेच. या पद्धतीने त्या प्रतीत असलेल्या सर्व निनावी फोल्डरांची नावे आणि मूळ जागा दुपारपर्यंत निश्चित झाल्या. येथे अंदाजाला वाव नव्हता, क्रमांक जुळला की विषय संपला.

खरी परीक्षा एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या फोल्डरांची होती. त्यांच्यासाठी क्रमांकांचा दुसरा गुण उपयोगी पडला. नवा फोल्डर तयार होतो तेव्हा त्याला आधीच्या सर्वांत मोठ्या क्रमांकापुढचा क्रमांक मिळतो आणि प्रत्येक पायरी हेक्समध्ये २० ची असते, म्हणजे क्रमांकांचा क्रम हाच फोल्डर जन्मल्याचा क्रम. कार्यालयातील ज्येष्ठ लेखनिक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, दर एप्रिलमध्ये नव्या आर्थिक वर्षाचे फोल्डर एका बैठकीत आणि ठरलेल्या क्रमाने उघडतात: जीएसटी, टीडीएस, आयकर, लेखापरीक्षण, नोटिसा. दुरुस्त फाइलमध्ये २०२४-२५ चा जीएसटी फोल्डर ९००२ या क्रमांकावर आणि नोटिसांचा ९०८२ वर, दोन्ही नावांसह शाबूत आहेत. मधले ९०२२, ९०४२ आणि ९०६२ निनावी. भाऊंच्या क्रमाप्रमाणे ते अनुक्रमे टीडीएस, आयकर आणि लेखापरीक्षण असायला हवेत. उघडून पाहिले तर पहिल्यात टीडीएसच्या २६क्यू विवरणपत्रांचा पत्रव्यवहार, दुसऱ्यात आयकर खात्याच्या बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडून आलेल्या सूचना आणि तिसऱ्यात लेखापरीक्षणाच्या ३सीडी अर्जाचे मसुदे होते. भाऊंना हे दाखवले तेव्हा त्यांनी आश्चर्य मुळीच व्यक्त केले नाही. “मी दर वर्षी असेच करतो, वेगळे कसे असेल?” एवढेच म्हणाले.

मात्र हा क्रम फोल्डर केव्हा जन्मला ते सांगतो, कोणाच्या पोटात जन्मला ते सांगत नाही. वर्षाच्या मध्येच एखाद्या अशीलासाठी उघडलेले काही फोल्डर अजून तसेच आहेत. त्यांचा मूळ पालक, म्हणजे वरचा फोल्डर, दुरुस्त फाइलमध्ये शोधण्यात अर्थ नाही, कारण दुरुस्तीनंतर त्यांचा पालक लॉस्ट अँड फाउंड हाच नोंदलेला आहे.

१९ नोव्हेंबर

पालकाचा शोध दुरुस्तीपूर्व बॅक फाइलमध्ये घेतला. पीएसटीची रचना मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये दस्तऐवज काढून जाहीर केली असल्यामुळे हे शक्य होते. युनिकोड पीएसटीतील नोडांची अनुक्रमणिका ५१२ बाइटच्या पानांत साठवलेली असते. प्रत्येक पानाच्या शेवटच्या १६ बाइटांत पानाचा प्रकार, तपासणी बेरीज आणि पानाचा स्वतःचा क्रमांक असतो. नोडांच्या पानांचा प्रकार हेक्स ८१ असून तो लागोपाठ दोनदा लिहिलेला असतो. सर्वांत खालच्या पातळीवरच्या पानावर ३२ बाइटची एक याप्रमाणे जास्तीत जास्त १५ नोंदी बसतात आणि प्रत्येक नोंदीत नोडाच्या क्रमांकासोबत त्याच्या पालकाचा क्रमांकही असतो. मेलचा मजकूर आणि फोल्डरांची नावे फाइलमध्ये सहसा अक्षरांची अदलाबदल करून ठेवलेली असतात, पण अनुक्रमणिकेच्या पानांना ही अदलाबदल लागू होत नाही. म्हणून नाव वाचता आले नाही तरी पालक वाचता येतो.

पायथनमध्ये छोटी आज्ञावली लिहून बॅक फाइल ५१२-५१२ बाइटनी वाचली, ८१ ८१ ही खूण असलेली पाने वेगळी काढली, तपासणी बेरीज न जुळणारी टाकून दिली आणि उरलेल्यांतून पोरक्या फोल्डरांच्या नोंदी शोधल्या. येथे एक फसवा भाग आहे. फाइलमध्ये बदल होतात तेव्हा जुने पान जागेवर पुसले जात नाही. नवे पान दुसरीकडे लिहिले जाते आणि जुन्याची जागा फक्त मोकळी असल्याचे नोंदवले जाते. त्यामुळे एकाच फोल्डराच्या दोन-तीन नोंदी सापडतात आणि फोल्डर मध्यंतरी कोणी हलवलेला असेल तर त्यांतील पालक वेगवेगळे दिसतात. पानांचे क्रमांक सतत वाढत जातात, म्हणून मोठ्या क्रमांकाच्या पानावरची नोंद ग्राह्य धरली. या मार्गाने बहुतेक फोल्डरांचे पालक मिळाले. उरलेल्या मोजक्या फोल्डरांची यादी भाऊंकडे दिली आणि त्यांनी आतील मेल पाहून जागा सांगितल्या. एका फोल्डराबाबत त्यांचे आणि साहेबांचे, म्हणजे सनदी लेखापालांचे, एकमत झाले नाही, तो तूर्त ‘तपासायचे’ या फोल्डरात जाईल.

संध्याकाळी निराळेच प्रकरण निघाले. कार्यालयात आउटलुक २००० च्या काळातील दुसरी, जुनी पीएसटी आहे. ती एएनएसआय या युनिकोडपूर्व स्वरूपाची असून तिची मर्यादा २ जीबी आहे. बिघाडाच्या दिवशी कोणीतरी हाती लागलेले काही फोल्डर ‘सुरक्षित राहावेत’ म्हणून मुख्य फाइलमधून ओढून त्या जुन्या फाइलमध्ये टाकले. एएनएसआय स्वरूपात देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे फोल्डरांची देवनागरी नावे प्रश्नचिन्हांची झाली आहेत. दुरुस्त फाइलमध्ये न सापडलेल्या फोल्डरांचा ठावठिकाणा अशा रीतीने लागला.

पण प्रश्नचिन्हेही अगदीच मुकी नाहीत. रूपांतरात प्रत्येक युनिकोड चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह पडते आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. मधली रिकामी जागा आणि इंग्रजी अंक तसेच राहतात. चार प्रश्नचिन्हे, जागा, सहा प्रश्नचिन्हे असे दिसले, तर ‘आयकर नोटिसा’ तंतोतंत बसते. सलग अकरा प्रश्नचिन्हे म्हणजे ‘लेखापरीक्षण’: डोळ्यांना सहा अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती अकरा चिन्हे आहेत. १७ तारखेला काढलेल्या यादीतील प्रत्येक फोल्डरनावाची लांबी एक्सेलच्या सूत्राने काढली आणि प्रश्नचिन्हांच्या नावांशी जुळवली. जेथे एकाच लांबीची दोन नावे आली, तेथे आतील मेल पाहून निर्णय केला. मेलच्या विषयांतही देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे आहेत. ते विषय मात्र परत मिळणार नाहीत, आणि हे नुकसान कार्यालयाला लेखी कळवले आहे.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानामुळे कार्यालयाला सुटी आहे. मोकळ्या संगणकावर कॉपीचे मोठे काम उरकण्यास हाच दिवस सोयीचा. नव्या युनिकोड पीएसटीमध्ये आधी रिकाम्या फोल्डरांचा संपूर्ण सांगाडा उभा केला आणि मग एकेका वर्षाची सामग्री कॉपी केली. फोल्डर माउसने ओढण्याऐवजी कॉपीची आज्ञाच वापरली, कारण ओढताना फोल्डर हलतो आणि मध्येच खंड पडला तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे अशी अवस्था होते. प्रत्येक वर्षानंतर दोन्ही बाजूंच्या मेलची संख्या मॅक्रोने मोजून जुळवली. दोन ठिकाणी संख्या कमी भरली. खराब झालेल्या जोडफाइलींचे मेल कॉपी होत नव्हते, त्यांचा मजकूर वेगळा साठवून ठेवला.

२१ नोव्हेंबर

मतदानामुळे ऑक्टोबरच्या जीएसटी ३बी विवरणपत्राची मुदत महाराष्ट्रासाठी कालच्याऐवजी आजपर्यंत वाढली आहे. कार्यालय त्यात गुंतलेले असल्यामुळे आज फक्त कालच्या मोजणीची फेरतपासणी केली.

२२ नोव्हेंबर

दुबार मेलचा प्रश्न हाती घेतला. लॉस्ट अँड फाउंडमध्ये सुटे आलेले बरेच मेल मूळ फोल्डरांतही शाबूत आहेत. आलेल्या मेलसाठी इंटरनेट संदेश क्रमांक हा भरवशाचा निकष आहे. या फाइलमधील पाठवलेल्या बऱ्याच मेलमध्ये मात्र तो क्रमांक रिकामा आहे, म्हणून तेथे विषय, पाठवल्याची वेळ, प्राप्तकर्ते आणि आकार हे चारही जुळले तरच मेल दुबार मानला. काढलेले दुबार मेल पुसले नाहीत, वेगळ्या पीएसटीत ठेवले. कर खात्याशी झालेल्या पत्रव्यवहारात एक मेल जास्त राहिलेला परवडतो, कमी झालेला परवडत नाही.

नियमांचीही व्यवस्था लावावी लागली. आउटलुकचा नियम गंतव्य फोल्डर नावाने ओळखत नाही, एंट्री आयडीने ओळखतो, आणि त्या आयडीतील १६ बाइट पीएसटीची ओळख सांगणारे असल्यामुळे नव्या फाइलमध्ये सगळे नियम लंगडे पडणार हे उघड होते. जुने नियम कागदावर उतरवले आणि नव्या फाइलसाठी हाताने पुन्हा लिहिले. त्या निमित्ताने बंद झालेल्या अशीलांचे बरेच नियम वगळता आले.

ड्राफ्ट्स, कॅलेंडर अशा ठरीव फोल्डरांसाठी ‘रीसेटफोल्डर्स’ हा आउटलुक सुरू करताना द्यायचा स्विच वापरावा का, अशी विचारणा झाली. तो हरवलेले ठरीव फोल्डर नव्याने तयार करतो, विस्कटलेले फोल्डर परत जागी आणत नाही. नव्या पीएसटीत ते आउटलुकने स्वतःच तयार केलेले असल्यामुळे येथे त्याची गरज पडली नाही.

२५ नोव्हेंबर

नवी फाइल आज वापरात आणली. ती आता मुख्य संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आहे आणि सामायिक फोल्डर बंद केला आहे. खात्याचे मेल या फाइलमध्ये उतरतील असे सेटिंग करण्यापूर्वी आउटलुक ऑफलाइन ठेवले होते, कारण उतरवून झालेल्या मेलची यादी जुन्या फाइलसोबतच मागे राहते आणि जोडणी होताच सर्व्हरवरचे १४ दिवसांचे सगळे मेल पुन्हा उतरतात. तसे ते उतरू दिले, पण इनबॉक्सऐवजी ‘पुन्हा आलेले’ या तात्पुरत्या फोल्डरात. वेबमेलवर हाताळलेल्या दिवसांचे मेल त्यातून मिळाले, बाकीचे दुबार निकषाने वगळले. विंडोजची शोध अनुक्रमणिका नव्याने तयार व्हायला रात्र लागेल. तोपर्यंत शोध अपुरा निकाल देईल, तरी मेल हरवल्याचा फोन करू नये, असे कार्यालयात सांगून ठेवले आहे.

२८ नोव्हेंबर

भाऊंनी प्रत्येक वर्षातील निवडक अशीलांचे फोल्डर उघडून तपासले आणि मांडणी मान्य केली. ज्या फोल्डराबाबत मतभेद होता, तो साहेबांच्या जुन्या टिपणावरून एका विलीन झालेल्या फर्मचा निघाला आणि त्याप्रमाणे लावला.

उरलेली कामे अशी. यूपीएसची बॅटरी कार्यालयाने बदलायची आहे. दर शनिवारी आउटलुक बंद करून पीएसटीची जशीच्या तशी प्रत बाहेरील डिस्कवर घ्यायची आणि मॅक्रोने काढलेली फोल्डरांची यादी तिच्यासोबत ठेवायची, हे काम भाऊंनी स्वतःकडे घेतले आहे. खाते आयमॅपवर नेण्याचा निर्णय नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला होईल, कारण सध्याच्या योजनेत सर्व्हरवरची जागा त्यासाठी पुरणार नाही. एएनएसआय स्वरूपाच्या जुन्या पीएसटीतील सामग्री युनिकोड फाइलमध्ये नेली असून जुनी फाइल आउटलुकमधून काढून टाकली आहे, म्हणजे यापुढे तिच्यात कोणी काही ओढून टाकू शकणार नाही. दुरुस्तीपूर्व बॅक फाइल, दुरुस्त पीएसटी आणि दुबार मेलची पीएसटी ३१ मार्च २०२५ पर्यंत बाहेरील डिस्कवर राहतील. त्यानंतर त्या पुसण्यापूर्वी साहेबांची लेखी संमती घ्यायची आहे.